तारेवरचा झार

यंत्राने टिपलेल्या आवाजांपासून संगीत रचण्याची कला कुठे जन्मली, या प्रश्नाला पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात बहुधा एकच उत्तर मिळते : पॅरिस, १९४८. फ्रेंच रेडिओत काम करणारा पियेर शेफर नावाचा अभियंता त्या वर्षी पॅरिसच्या बातिन्योल रेल्वे यार्डात गेला, इंजिनांच्या शिट्ट्या, वाफेचे फुत्कार आणि रुळांवरचा खडखडाट त्याने तबकड्यांवर मुद्रित करून घेतला, आणि त्या आवाजांची जुळणी करून एक छोटी रचना तयार केली. ५ ऑक्टोबर १९४८ रोजी ती रेडिओवरून ऐकवली गेली. या प्रकाराला पुढे 'म्युझिक काँक्रेत' हे नाव मिळाले आणि आज संगणकावर, सिंथेसायझरवर, रस्त्यातले, रानातले, बाजारातले आवाज घेऊन जे संगीत रचले जाते त्याची वंशावळ शेफरपासून सांगण्याचा प्रघात पडला.

पण या घटनेच्या चार वर्षे आधी, १९४४ साली, कैरो शहरात एका तेवीस वर्षांच्या तरुणाने हेच काम केले होते. त्याचे नाव हलीम एल-दाब. हा काही संगीताचा पदवीधर नव्हता, शिक्षण शेतीशास्त्राचे. त्याने कैरोच्या मिडल ईस्ट रेडिओकडून एक वायर रेकॉर्डर उसना मागून घेतला, शहरातल्या बायकांच्या एका 'झार' मजलिसीत जाऊन तिथले आवाज टिपले, आणि रेडिओच्या स्टुडिओत बसून त्यांचे रूप पालटून टाकले. रचनेचे नाव होते 'ताबीर अल-झार'. ताबीर म्हणताच आपल्याकडे उर्दू जाणणाऱ्याला स्वप्नाची ताबीर आठवते. अरबीत या शब्दाचा अर्थ जरा मोकळा आहे : व्यक्त करणे, आतले बाहेर आणणे. झार या विधीला तर दोन्ही अर्थ लागू पडतात.

पहिला मान कुणाचा, या वादात आम्हाला फारसे स्वारस्य नाही. तसा विचार केला तर बर्लिनचा वाल्टर रुटमान याने १९३० सालीच सिनेमाच्या ध्वनिपट्टीवर शहरातले आवाज टिपून, चित्राविना नुसत्या आवाजाचा सुमारे अकरा मिनिटांचा 'वीकएंड' नावाचा पट केला होता आणि तो रेडिओवर ऐकवलाही गेला होता. म्हणजे पॅरिसच्या आधी कैरो आणि कैरोच्या आधी बर्लिन. ही शर्यत कुठेही नेऊन थांबवता येते. आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो दुसराच प्रश्न. शेफरने टिपली ती इंजिने होती, एल-दाब यांनी टिपल्या त्या बायका. इंजिनाला परवानगी विचारावी लागत नाही आणि त्याचे नावही लिहून ठेवावे लागत नाही. माणसाचे तसे नसते.

त्या काळचे कैरो हे कान तयार असलेले शहर होते, हे आधी लक्षात घ्यायला हवे. १९३२ साली बादशहा फुआद यांच्या आश्रयाखाली तिथे अरबी संगीताची मोठी परिषद भरली. तुर्कस्तानापासून मोरोक्कोपर्यंतचे गायक-वादक आले होते, तसेच युरोपातून बेला बार्टोक आणि पाउल हिंडेमिथ यांच्यासारखे संगीतकारही आले होते. अरबी संगीतातल्या सूक्ष्म श्रुतींचे काय करायचे, पियानोला घरात घ्यायचे की नाही, यावर तिथे कडाक्याचे वाद झाले. आपल्याकडे हार्मोनियमवरून जे झाले त्याचीच ही बहीण म्हणा. परिषदेतल्या गाण्या-वाजवण्याचे ग्रामोफोन कंपनीने मुद्रणही केले. अकरा वर्षांचा हलीम आपल्या थोरल्या भावासोबत या परिषदेला गेला होता. दोनच वर्षांनी, ३१ मे १९३४ रोजी, सरकारी रेडिओ सुरू झाला तो शेख मुहम्मद रिफअत यांच्या कुरआन पठणाने. मग उम्मे कुलसूम यांच्या गुरुवारच्या मैफली रेडिओवरून घरोघर, चहाखान्यांतून ऐकू येऊ लागल्या. अरबीत चोखंदळ श्रोत्याला 'सम्मीअ' म्हणतात. आपल्या महफिले-समामधला 'समा' त्याच धातूपासून आलेला. नुसते ऐकणे ही देखील एक साधना आहे, हे मानणाऱ्या समाजात हा मुलगा वाढला.

आता झारविषयी. हा विधी इथिओपिया आणि सुदानकडून एकोणिसाव्या शतकात मिसरमध्ये पसरला, आणि तो आणणाऱ्यांत गुलाम म्हणून आणलेल्या हबशी व सुदानी बायकांचा वाटा मोठा होता. लाल समुद्र ओलांडून तो अरबस्तानात, आखातात, दक्षिण इराणच्या बंदरांतही पोहोचला. इराणी लेखक गुलाम हुसेन साएदी यांनी १९६६ साली तिथल्या झारवर 'अहले-हवा' नावाचे पुस्तकच लिहिले आहे. झार म्हणजे अंगात येणे, आणि अंगात आलेल्याशी समझोता करणे. इथे भूत उतरवून हाकलून देत नाहीत. अंगात शिरलेल्या 'अस्यादां'ना, म्हणजे मालकांना, ओळखायचे, त्यांची फर्माईश पुरवायची आणि त्यांच्यासह जगायला शिकायचे. मजलिसीची प्रमुख बाई, तिला कुदिया म्हणतात, ऊद-लोबानाचा धूर करते आणि एकामागून एक ताल धरते. प्रत्येक अस्यादचा ताल वेगळा, रंग वेगळा, कपडा वेगळा. ज्या तालावर आजारी बाईचे अंग हलू लागेल तो तिच्या अस्यादचा ताल. त्या बाईला झारमध्ये 'अरूसा', म्हणजे नवरी, म्हणतात. साथीला डफ, सहा तारांचे तंबूरा नावाचे वाद्य (आपल्या तंबोऱ्याशी याचे नावापुरतेच नाते, हे वीणेच्या जातीचे नाही) आणि 'मंगूर', म्हणजे बकऱ्यांचे खूर शिवलेला चामडी पट्टा. तो कमरेला बांधून कंबर हलवली की खुरांचा पाऊस पडल्यासारखा आवाज येतो.

या मजलिसीत मुसलमान बायका असत तशा कॉप्टिक ख्रिस्ती बायकाही असत. एल-दाब स्वतः कॉप्टिक ख्रिस्ती घराण्यातले होते. अझहरच्या उलेमांना झार म्हणजे शरीअतबाह्य प्रकार वाटे, तर युरोपीय शिक्षण घेतलेल्या सुधारकांना तो अडाणीपणाचा कळस वाटे. दोघांची कारणे वेगळी, हुकूम मात्र एकच : हे बंद करा. त्या बायका काय सांगत आहेत, कशासाठी रडत आहेत, हे विचारायला दोघांनाही सवड नव्हती. नवऱ्याने दुसरी केली, मूल राहत नाही, सासूचा जाच आहे, या गोष्टी ज्या समाजात बाईने मोठ्याने बोलायच्या नसतात, तिथे त्या अस्यादच्या तोंडून बोलल्या जात होत्या.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे चित्र परके वाटायचे कारण नाही. बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईला सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास जी यात्रा भरते, तिथे हाजरीला बसलेल्या, केस मोकळे सोडून घुमणाऱ्या बायका कुणी पाहिल्या नाहीत? त्यांत हिंदूही असतात, मुसलमानही. त्यांच्याकडे पाहणारी नजरही अशीच दुहेरी असते. एक म्हणतो शिर्क, दुसरा म्हणतो अंधश्रद्धा. आम्ही या प्रकाराचे उदात्तीकरण करीत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एर्वाडी या दर्ग्याच्या गावी, साखळदंडांनी बांधून ठेवलेले अठ्ठावीस मनोरुग्ण आगीत जळून गेले. त्यानंतर आजाऱ्याला डॉक्टरकडे नेण्याविषयी दुमत असूच शकत नाही. परंतु आजारावर इलाज करणे आणि आजाऱ्याचे म्हणणे ऐकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९४४ साली कैरोतला तो तरुण इलाज करायला गेला नव्हता आणि फतवा द्यायलाही नाही. तो ऐकायला गेला. एवढ्यासाठी तरी त्याची दखल घ्यावी लागते.

मात्र तो कसा गेला? झार बायकांचा असे आणि परपुरुषांना तिथे मज्जाव होता. एल-दाब यांनीच पुढे मुलाखतीत सांगितले आहे की, ते आणि त्यांचा एक मित्र बायकांसारखी डोकी झाकून आत शिरले. ही हकिगत सांगताना बहुतेक लेखक तरुणपणातले धाडस म्हणून हसून सोडून देतात. आम्हाला ती इतक्या सहजी सोडवत नाही. जिथे आवाजालाही पडदा आहे असे मानणारे लोक होते, तिथे ज्या चार भिंतींच्या आत बाईचा आवाज मोकळा सुटत होता त्याच भिंतींच्या आतून तो बाहेर नेला गेला. ज्या बायका तिथे गात होत्या त्यांपैकी एकीचेही नाव इतिहासात उरलेले नाही. मुद्रण करणाऱ्याचे नाव आहे, यंत्राचे नाव आहे, रेडिओचे नाव आहे. गळ्यांचे नाही.

हे यंत्रही समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यानेच या रचनेला तिचे रूप दिले. आपण टेपरेकॉर्डर पाहिले, त्यातली फीत पाहिली. वायर रेकॉर्डरमध्ये फितीच्या जागी केसाइतकी बारीक पोलादी तार असते. ती चुंबकाच्या डोक्यावरून वेगाने सरकते आणि आवाजाच्या चढउतारांप्रमाणे तिच्यावर चुंबकीय खुणा उमटतात. मूळ कल्पना डेन्मार्कच्या वाल्देमार पाउलसेनची, १८९८ सालची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने अशी यंत्रे वापरली. जर्मनांकडे फितीचे यंत्र होते खरे, पण युद्ध संपेपर्यंत बाहेरच्या जगाला त्याचा फारसा पत्ता नव्हता. तासाभराच्या मुद्रणाला या तारेची लांबी दोन किलोमीटरहून अधिक लागे. तार सुटली की गुंता ठरलेला. आणि फीत जशी ब्लेडने कापून चिकटवता येते, तशी तार येत नाही. कापलीच तर दोन टोकांची गाठ मारावी लागते, पतंगाच्या मांज्याला मारतात तशी. म्हणजे तुकडे पाडून जुळणी करणे, जे शेफरने तबकड्यांवर केले आणि पुढे सगळ्यांनी फितीवर केले, ते इथे जवळजवळ अशक्य होते.

म्हणून एल-दाब यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी आवाज कापला नाही, गाळला. स्टुडिओत सरकत्या भिंती होत्या, प्रतिध्वनीची खोली होती. मूळ मुद्रण त्या खोलीत वाजवायचे, भिंती पुढेमागे सरकवून घुमारा कमीजास्त करायचा, आणि खोलीत जे घुमते ते पुन्हा मुद्रित करायचे. हे करताना त्यांनी गाण्यातला मूळ स्वर पुसत नेला आणि त्याच्या वर उमटणारे बारीक स्वर तेवढे ठेवले.

हा प्रकार समजायला आपल्याला भौतिकशास्त्राच्या पुस्तकाची गरज नाही. मिरजेला जाऊन तंबोऱ्यासमोर बसले की पुरे. खर्जाची तार छेडली, जवारी नीट लागलेली असली, की षड्जाच्या पोटातून गंधार ऐकू येतो. कुणी छेडलेला नसतो, तो स्वयंभू असतो. मिरजेचे तंबोरे घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची, तलवारींना धार लावणाऱ्या मुसलमान कारागिरांची. तलवारी गेल्या तेव्हा त्यांनी भोपळा आणि तार हाती घेतली. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात आजही त्यांच्या नावाने गाणे होते, आणि त्यांच्या सुरेल तंबोऱ्यांच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. समजा, त्या तंबोऱ्याचा षड्ज कुणी यंत्राने पुसून टाकला आणि नुसता गंधार हवेत ठेवला, तर जे ऐकू येईल ते एल-दाब यांच्या झारसारखे असेल : जमिनीला न टेकलेला आवाज.

यातून काय साधले? आमच्या मते दोन गोष्टी, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध जातात. एकीकडे, झारकडे पाहताना लोकांना जे दिसत होते, म्हणजे धूर, मोकळे केस, बकऱ्याचे रक्त, घुमणारी अंगे, ते सगळे गळून पडले. ऐकणाऱ्याला ही बाई अडाणी आहे, गरीब आहे, काळी आहे, हे ठरवायला काही उरले नाही. उरला निव्वळ कंठ. विधीच्या आत जे कळवळून सांगणे आहे ते अशा रीतीने कदाचित पहिल्यांदाच प्रतिष्ठित कैरोच्या कानावर पडले. दुसरीकडे, शब्दही गेले. कुठल्या अस्यादला हाक मारली, नवरीचे दुखणे काय होते, हे त्या तारेवर आता नाही. सुधारक आणि मौलवी यांनी बाईचे म्हणणे ऐकले नव्हते. संगीतकाराने आवाज ऐकला, म्हणणे मात्र त्यालाही ठेवता आले नाही. ही टीका एल-दाब यांच्या थोरवीला बाधा आणते असे आम्हाला वाटत नाही. ती या कलेच्या मुळाशीच असलेली अडचण आहे आणि आज रस्त्यावर मायक्रोफोन घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाला ती भोवते.

ती रचना १९४४ साली कैरोतल्या एका कलादालनात ऐकवली गेली. मग बराच काळ शांतता. एल-दाब यांनी काही काळ शेतीखात्याशी संबंधित काम केले, गावोगाव फिरून गाणी-वाजवणी ऐकली. १९४९ साली कैरोच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये त्यांच्या पियानोवादनाने नाव झाले, आणि १९५० साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले ते तिथलेच झाले. नृत्यांगना मार्था ग्रॅहॅम यांच्या १९५८ सालच्या 'क्लायटेम्नेस्ट्रा' या नृत्यनाट्याचे संगीत त्यांचे. १९५९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया-प्रिन्स्टन इलेक्ट्रॉनिक संगीत केंद्रात त्यांना बोलावले गेले. रॉकफेलर फाउंडेशनच्या पावणेदोन लाख डॉलरच्या देणगीवर उभे राहिलेले हे केंद्र. तिथे भिंतभर पसरलेला आरसीए कंपनीचा सिंथेसायझर होता, तो चालवायला कागदाच्या पट्टीवर भोके पाडावी लागत. त्या यंत्रापेक्षा एल-दाब यांचा ओढा टेपरेकॉर्डरकडे, माणसाच्या आवाजाकडे आणि हाताने वाजणाऱ्या वाद्यांकडे राहिला. दरबुका, म्हणजे मातीच्या घड्याला कातडे ताणून केलेला मिसरी ढोल, ते स्वतः उत्तम वाजवीत.

तिथे त्यांनी केलेली प्रमुख रचना म्हणजे 'लैला आणि कवी'. लैला कोण हे आपल्या वाचकांना सांगायला नको. निजामीने सांगितलेली कहाणी आपल्या नौटंकीपर्यंत आणि सिनेमापर्यंत येऊन पोहोचली आहे. एल-दाब यांच्या रचनेत वेडा आणि कवी हे दोन आवाज लैलेला आपापल्या बाजूला ओढू पाहतात, आणि अरबी ढंगाचे गाणे, ठेका, फितीवर उलटसुलट फिरवलेले बोल एकमेकांत मिसळतात. १९६४ साली कोलंबिया रेकॉर्ड्सने या केंद्रातल्या रचनांची एक तबकडी काढली तिच्यात ही रचना आहे. त्याच तबकडीवर ऑटो ल्यूनिंगची 'गार्गॉइल्स' आहे, जीत प्रत्यक्ष वाजवलेले व्हायोलिन आणि यंत्रातले स्वर एकत्र येतात. आणि त्याच तबकडीवर बुलेंत अरेल आहेत.

अरेल इस्तंबूलचे. अंकारा रेडिओत काम करताना १९५७ साली त्यांनी चार तंतुवाद्ये आणि एक ऑसिलेटर, म्हणजे विजेने स्वर काढणारे उपकरण, यांच्यासाठी रचना केली. यंत्र आणि वादक यांना एका बैठकीत बसवण्याचा हा बराच लवकरचा प्रयत्न. त्यांचेच गाववाले इल्हान मिमारोलू, उस्मानी काळातले नामवंत वास्तुशिल्पी मिमार कमालुद्दीन यांचे चिरंजीव, त्याच केंद्रात शिकले. अमेरिकी सैनिकांनी १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधल्या माय लाय या वस्तीत गावकऱ्यांची कत्तल केली. ही वस्ती साँग माय गावातली. त्या गावाच्या नावाने मिमारोलूंनी १९७१ साली फ्रेडी हबर्ड या निग्रो ट्रम्पेटवादकाच्या जाझ संचाबरोबर एक संपूर्ण तबकडी केली आणि तुर्की कवी फाजिल हुस्नू दाग्लार्जा यांच्या कविता तिच्यात वापरल्या. पुढे तेहरानचे दारियुश दौलतशाही यांनी १९८५ साली तार आणि सेहतार ही इराणी वाद्ये स्वतः वाजवून त्यांभोवती इलेक्ट्रॉनिक ध्वनींचे विणकाम केले. सेहतार या नावातला 'तार' आपल्या सितारीतलाच. आम्हाला या सगळ्यांत ही तबकडी सर्वांत जवळची वाटते. यंत्र वाद्याला गिळत नाही, त्याच्या मागे तंबोऱ्यासारखे बसून राहते.

ही नावे सुट्या सुट्या नोंदींत सापडतात. पण 'पूर्वेतले लोक इलेक्ट्रॉनिक संगीताला पारंपरिक रंग देणारे, आणि कल्पना मात्र पश्चिमेची' हा समज इतका घट्ट होता की, कैरोतली पोलादी तार कित्येक दशके कुणाला आठवली नाही. २००० साली एल-दाब यांच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक रचनांची सीडी अमेरिकेत निघाली, तीत 'वायर रेकॉर्डर पीस' या नावाने झारच्या रचनेतला सुमारे दोन मिनिटांचा तुकडा आला. मूळ रचना वीस मिनिटांहून मोठी होती असे एल-दाब सांगत. २००३ साली त्यांचे चरित्र निघाले, २००५ साली जोहान्सबर्गच्या इलेक्ट्रॉनिक संगीत महोत्सवात त्यांना सन्मानाने बोलावले गेले. २ सप्टेंबर २०१७ रोजी, शहाण्णवाव्या वर्षी, ओहायो राज्यातल्या केंट गावी त्यांचे निधन झाले.

अशी विस्मृती काही मिसरच्याच वाट्याला आलेली नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला होता. पखवाज शिकलेल्या आणि १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केजला भारतीय संगीत शिकवणाऱ्या गीता साराभाई तिथे काम करीत. तीन-चार वर्षांत स्टुडिओ बंद पडला आणि फिती कपाटात गेल्या. त्या २०१७ साली सापडल्या आणि त्यांतल्या निवडक रचना २०२३ साली प्रसिद्ध झाल्या. असो.

एल-दाब यांना त्यांची जागा मिळाली. बायकांचे काय? इथे आम्हाला आपल्या मातीतले एक उदाहरण सांगावेसे वाटते. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेडोपाडी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, त्यांतल्या बऱ्याच ध्वनिमुद्रितही झाल्या, आणि २०१७ पासून त्या 'पारी' या संग्रहातून लोकांसमोर येत आहेत. या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचे नाव असते, गाव असते. मागे जात्याची घरघरही असते, पण ती गाळून वेगळी काढलेली नाही. दख्खनच्या सुफींनी तीनशे वर्षांपूर्वी बायकांसाठी दखनीत चक्कीनामे आणि चरखानामे रचले. दळणारीच्या हाताच्या लयीत जिक्र बसवला. ते लिहिणाऱ्यांची नावे हस्तलिखितांत सापडतात. ते गाणाऱ्या बायकांची सापडत नाहीत. तेव्हा तार नव्हती हे खरे, पण १९४४ साली ती होती, आणि नाव विचारायला तारही लागत नाही.

कैरोत आज झार उरला आहे तो थोडा. मशिदीतल्या उपदेशाने, टीव्हीने आणि दवाखान्यांनी मिळून त्याची जागा घेतली. शहरात 'मकान' नावाचे एक छोटे केंद्र २००२ साली सुरू झाले. तिथे 'मजाहिर' नावाचा चमू झारचे गाणे-वाजवणे लोकांसमोर करू लागला. त्यात बायका प्रमुख आहेत आणि त्यांची नावे जाहिरातीत छापली जातात. डफ, तंबूरा, मंगूर सगळे असते. अरूसा मात्र नसते. तिकीट काढून आलेल्यांसमोर बोलणारा अस्याद कोण असणार? विधी गेला आणि कला उरली असे कुणी म्हणेल. पण निदान इथे आवाज कुणापुढे काढायचा हे आवाजाची मालकीण ठरवते, डोके झाकून शिरलेला तरुण नाही.

आपल्या घरांतही असे आवाज आहेत. हळदीच्या रात्री ढोलकीवर म्हटली जाणारी गाणी, मुलाला न्हाऊ घालतानाचे बोल, मोहरमच्या दिवसांत बायकांनी बसून म्हटलेले मर्सिये, कोकणात एका बोलीत, सोलापुरात दुसऱ्या, मराठवाड्यात तिसऱ्या. ही गाणी आता वयस्क बायकांनाच येतात. प्रत्येक लग्नघरात आज पाच-पंचवीस मोबाइल असतात आणि त्यांत ही गाणी अर्धवट, टाळ्यांच्या गोंगाटासकट, मुद्रित होतात. चार महिन्यांनी मोबाइलमध्ये जागा उरत नाही, तेव्हा सर्वांत आधी तीच पुसली जातात. एखादा पोरगा उद्या त्यांतल्याच एका मुद्रणावर संगणकात काम करील, त्यातून काही नवे रचील. रचावेच. मात्र गाणारी नानी अजून बाजूच्या खोलीत बसलेली असते, तिला विचारायचे असते की हे गाणे कुठे शिकलात, त्यातला हा शब्द काय, आणि हे बाहेर ऐकवले तर चालेल का. ती कदाचित नाही म्हणेल.